जेनेपीचा चोर

"डोळे मीट," देल्फिन म्हणाली.

"मिटून कड्यावर चढू? विमाबिमा काढलायस का माझा?" तिचा नवरा ग्रात म्हणाला.

"मग तोंड तरी मीट. ही जागा कुणाला सांगितलीस तर जीभ झडेल तुझी!"

आओस्ताच्या खोऱ्यात माणूस घरातली भांडणं चव्हाट्यावर मांडेल, पण जेनेपी कुठे उगवते ते नवऱ्यालाही सांगणार नाही. हिमनदीच्या कडेला, दगडांच्या फटीत उगवणारं हे वीतभर करडं झुडूप. त्याचे पिवळे गोंडे दारूत मुरवले, की नाताळला घर दरवळतं. देल्फिनला ही जागा आईने मरताना कानात सांगितली होती. लग्न झाल्यापासून दर ऑगस्टला ती "अळंबी आणते" म्हणून निघायची. ग्रात आदल्याच दिवशी "अळंबी" आणायला जाऊन आलेला असायचा. टोपलीत अळंबी एकाच्याही नसायची, आणि विचारायचं कुणीच नाही!

पण तिच्या जागेला चोर लागला होता. वरच्या कपारीतली फुलं दरवर्षी कुणीतरी आधीच खुडून न्यायचं. जेवायला बसलं की ती त्याचा उद्धार करायची, "मेल्याचे पाय मोडोत!" ग्रातही सूप ओरपत मनापासून म्हणायचा, "मोडोत!" एका वर्षी त्याचाच घोटा मुरगळला, तेव्हा शेकत बसली तीच.

यंदा तिचे गुडघे गेले. पोरबाळ नाही, जागा तिच्याबरोबरच मातीत जायची. त्या विचाराने तिला घास गोड लागेना. शेवटी तिने रीत मोडली आणि ग्रातला बरोबर घेतलं.

शेवटच्या चढाशी पाय उचलेचना. ती दगडावर बसली. "तूच जा आता. मी खालून सांगते. डावीकडे वळ. आता ती मोठी शिळा—"

शिळा डुगडुगते, हे सांगायच्या आतच ग्रातने ती टाळून पलीकडे पाय टाकला होता. न बघताच त्याने हात मागे नेऊन फटीत पकड घेतली. देल्फिन बघतच राहिली. ती फट सापडायला तिला दोन उन्हाळे लागले होते.

"ग्रात! चोर तूच!"

ग्रातने वरून खाली डोकावलं.

"लग्नाआधी शेळी शोधताना सापडली गं ही जागा," तो ओरडला. "मग एकदा तुझ्या लाल शालीची लोकर दिसली इथं. तेव्हापासून खालची सोपी फुलं तुला ठेवली."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"नवरा-बायकोतही सांगायची नाही, रीत आहे ना!"

"आणि शिव्या खात बसलास इतकी वर्षं?"

"सूप छान असायचं."

देल्फिन इतकी हसली की समोरचे कडेही हसू लागले. डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती. असला नवरा मिळाल्याचा तिला भारी आनंद झाला होता.

ग्रात टोपीत फुलं घेऊन उतरला.

"खालची नाही आणलीस?"

"ती तुझी."

देल्फिनने वर पाहिलं. पिवळे गोंडे वाऱ्यावर हलत होते. चार पावलांवर होते, पण आता लांबच.

"असू देत," गुडघा चोळत ती म्हणाली, "पुढच्या वर्षी येईन मी."

"ये की," म्हणत ग्रातने तिला उठायला हात दिला.