चिमाजींचा अमर कॉम्प्युटर

मखमलाबादच्या चिमाजी काकडांकडे एक कॉम्प्युटर होता आणि त्याला मरण नव्हतं. बंद केला की तो बंद व्हायचा, तीन श्वास घ्यायचा आणि पुन्हा चालू. वायर उपटली तरच गप्प बसायचा, आणि तीही म्हणे एकट्याने उपटत नसे, दोघं लागायचे. एकदा चिमाजी वायर न उपटता आठ दिवस गावाला गेले, तर त्याच्या पंख्याच्या गरम वाऱ्याने शेडमधली शेवंती महिनाभर आधीच फुलली. ज्याला पटत नसेल त्याने मखमलाबादला जाऊन विचारावं. तिथे याहून जास्तच ऐकायला मिळेल.

या कॉम्प्युटरवर चिमाजींची मुलगी भाग्यश्री लग्नमंडपांच्या सजावटीची चित्रं काढायची. गिऱ्हाइकाला आधी चित्र दाखवायचं, मग फुलं तोडायची, अशी तिची पद्धत. पण रोज वायर उपटून गळा दाबल्यावर मशीन तरी किती सोसणार? अधूनमधून ते एखादा अख्खा मंडप गिळून टाकायचं.

अशा या घरात एका रविवारी सकाळी ललित देवरे मुलगी बघायला आला.

ललित कळवणचा, नोकरीला पुण्यात. हे त्याचं नववं स्थळ. आधीच्या आठ ठिकाणी तो एकतर बोललाच नव्हता, किंवा जे बोलला ते बोलला नसता तर बरं झालं असतं. पण भाग्यश्रीचा फोटो आल्यापासून त्याची झोप उडाली होती. फोटोत ती गुलाबाच्या काडीवर डोळा भरत होती, म्हणजे कलम बांधत होती, आणि फोटो काढणाऱ्याकडे बघायलासुद्धा तिला सवड नव्हती. हे स्थळ हुकू नये, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

सोबत रंगनाथमामा होते. आई-वडील दुसऱ्या खेपेला येणार होते. पहिल्या खेपेला मामाच बरे, कारण गप्प बसण्याच्या जागा भरून काढायला त्यांच्याइतका माणूस कळवणकडच्या अख्ख्या कसमादे पट्ट्यात नव्हता. खुर्चीला पाठ टेकायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

"आमचा ललित म्हणजे काय सांगू चिमाजीराव! कंपनीत कॉम्प्युटर अडला की साहेब याला बोलावतो. हा नुसता दारात उभा राहिला तरी मशीन सरळ होतं."

"मामा," ललित हळूच म्हणाला, "मी सॉफ्टवेअर तपासतो."

"तेच ते!" मामांनी त्याच्या मांडीवर थाप मारली.

चिमाजींचे डोळे चमकले. "लय बेस झालं. मग पाव्हणं, जरा शेडमधी या. आमचं एक मशीन हाय. दोन वर्षं झाली, बंदच होत नाय. तेवढं बंद करून दाखवा, मग पुढचं बोलू."

"हे एवढंच?" मामा उठलेसुद्धा. "पोहे यायच्या आत करतो!"

ललित मामांच्या मागे निघाला. त्याने जन्मात कधी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं नव्हतं. रामरायाला निदान धनुष्य कुठून धरायचं ते तरी ठाऊक असेल.

शेडमध्ये टेबलावर स्क्रीन होता, खाली लोखंडी डबा. ललितने रीतसर शटडाउन दाबलं. स्क्रीन काळा झाला. मामा म्हणाले, "बघा!" डब्याने तीन श्वास घेतले, पंखा घुरघुरला आणि स्क्रीनवर पुन्हा उजेड पडला.

"बघितलं," चिमाजी म्हणाले.

ललितने फोन काढून शोधाशोध केली. लवकर चालू होण्याची सोय असते, ती बंद केली. बिघाड झाल्यावर आपोआप पुन्हा सुरू होण्याच्या खुणेवरची टिक काढली. शटडाउन. तीन श्वास. उजेड. मग त्याने माउस उपटला, प्रिंटर उपटला, इंटरनेटची वायर उपटली, शेवटी शटडाउन दाबताच कीबोर्डही काढून मामांच्या हातात दिला. दर खेपेला मामा "आता बघा!" म्हणत होते आणि दर खेपेला चिमाजी बघत होते.

तेवढ्यात गोजराबाई, म्हणजे चिमाजींची बायको, पोहे घेऊन आल्या. मागोमाग चहाचा ट्रे घेऊन भाग्यश्री. आता मुलीला प्रश्न विचारायची वेळ होती, पण मुलगा टेबलाखाली होता. म्हणून तिनेच विचारलं.

"तपासता म्हणजे नेमकं काय करता?"

"लोकांनी केलेल्या कामात चुका काढतो," टेबलाखालून आवाज आला.

"दिवसभर?"

"हो. पगार त्याचाच मिळतो."

"आईला सांगा कुठे अर्ज करायचा," भाग्यश्री म्हणाली. "ती फुकटात करते."

"भागे!" गोजराबाईंनी डोळे वटारले. पण ललितला एकदम हलकं वाटलं. आपल्याला जे येतं तेच करावं, असं त्याच्या मनाने घेतलं. तो बाहेर येऊन खाली फरशीवरच बसला.

"खरं सांगतो काका, मला मशीन दुरुस्त करता येत नाही."

मामांच्या घशात पोहे अडकले.

"मला फक्त विचारता येतं. हे असं होण्याआधी दुसरं काय बिघडलं होतं?"

चिमाजी आठवू लागले, पण उत्तर भाग्यश्रीने दिलं. "त्याआधी हा मधेच आपोआप बंद पडायचा. समाधान नावाचा दुरुस्तीवाला आला. तो म्हणाला, बटण आपोआप दाबलं जातंय. त्याने सेटिंगमध्ये जाऊन सांगून ठेवलं, की बटण दाबलं गेलं तरी काही करायचं नाही. तेव्हापासून मधेच बंद पडत नाही."

"आणि बंद होतही नाही," ललित म्हणाला.

"होतही नाही."

"म्हणजे बटण अजून दाबलं जातंच आहे. चालू असताना मशीन त्याचं ऐकत नाही. पण एकदा बंद झालं की सेटिंगही झोपतं, आणि मग बटणाचंच राज्य."

त्याने फोनची बॅटरी लावून डब्यावर धरली. आणि त्याला दिसलं.

बटण कुठे होतं ते कळतच नव्हतं. तिथे एक लाल डोंगर होता. दर दसऱ्याला हत्यारांबरोबर कॉम्प्युटरची पूजा व्हायची, दर लक्ष्मीपूजनाला आणि नवीन प्रिंटर आला तेव्हाही, आणि गोजराबाईंच्या मते पूजा म्हणजे जिथे हात लागतो तिथे. नऊ वर्षांचं ओलं कुंकू, हळद आणि अक्षता बटणाभोवती थरावर थर वाळले होते. बटण आत रुतलं होतं आणि पंख्याच्या थरथरीने, अगदी पंखा थांबता थांबताही, दाबलं-सुटलं, दाबलं-सुटलं चाललं होतं.

ललितला इतका आनंद झाला की त्याने डोकं न वापरता तोंड उघडलं.

"सापडलं! काकू, कुंकू पुसावं लागेल."

शेडमध्ये अशी शांतता पसरली की बाहेर कढीपत्त्यावर बसलेला बुलबुल आपलंच काही चुकलं असेल असं समजून उडून गेला. चिमाजींनी छातीला हात लावला आणि आतलं चालू आहे ना, ते बघितलं. मामा चपला शोधू लागले.

"काय म्हणालात?" गोजराबाईंनी विचारलं.

"म्हणजे ते बटणाचं..."

"मुलगी बघायला आलात, आमचे हे समोर धडधाकट बसलेत, आणि माझ्या दारात कुंकू पुसायची भाषा?"

"तसं नाय म्हणला गं तो," चिमाजी म्हणाले, पण हात छातीवरच होता.

"आते काय करशी रे भाऊ?" मामा घाबरले की त्यांची अहिराणी बाहेर यायची. "चाल, चाल. गाडी सापडीन."

ललितने भाग्यश्रीकडे पाहिलं. नववं स्थळही गेलं, असं त्याला वाटलं. पण ती रागावलेली नव्हती. तिने तोंडावर पदर धरला होता आणि ट्रेमधले कप एकमेकांवर खुळखुळ वाजत होते.

"मला वर्षभरापासून माहीत आहे," ती त्याला कसंबसं म्हणाली. "पण ते वाक्य या घरात म्हणायची माझी छाती नव्हती."

ललित उठला आणि हात जोडून गोजराबाईंसमोर उभा राहिला.

"काकू, चुकलं. शब्द चुकला. तुम्ही आमच्या सप्तशृंगी गडावर गेलात कधी?"

"दर वर्षी जाते," गोजराबाई फणकाऱ्याने म्हणाल्या.

"मग देवीच्या अंगावरचा शेंदराचा थर काढला, ते ठाऊक असेल."

"ठाऊक असेल म्हणजे? त्यानंतर पहिल्या आठवड्यात दर्शन घेतलं मी. आईचं मूळ रूप दिसलं. केवढे डोळे! रडले मी तिथं."

"तो शेंदूर पुसला म्हणाल का कुणी?"

"जीभ झडेल म्हणणाऱ्याची! उतरवला तो. विधी करून, मंत्र म्हणून."

"मग याचंही उतरवू," ललित म्हणाला. "विधी करून."

गोजराबाईंनी डब्याकडे पाहिलं, ललितकडे पाहिलं, पुन्हा डब्याकडे पाहिलं. आणि एकदम पदर खोचला.

"भागे, पाट आण. ताम्हण आण. तांब्याभर पाणी."

"पाणी नको!" ललित आणि भाग्यश्री एकदम ओरडले.

"पाण्यावाचून विधी?"

"कोरडा," ललित म्हणाला. "विजेचा देव आहे, काकू. त्याला पाण्याचं वावडं."

हे त्यांना पटलं. वायर उपटली, डबा पाटावर ठेवला, नमस्कार झाला. तांब्यातलं पाणी तुळशीला गेलं. मग भाग्यश्रीने डोळा भरायची बारीक सुरी आणि रंगाचा कोरडा ब्रश आणला, आणि खाली बसून थर सोडवू लागली. ललितने बॅटरी धरली. खाली ताम्हण.

"हा बघा, हा गेल्या दसऱ्याचा," ती हळू आवाजात सांगत होती. "हा केशरी, तेव्हा दुकान बदललं होतं. हा गुलाबी, तो आईला फसवून दिलेला."

"तुम्ही फोटोत वर का नव्हतं बघितलं?"

"तुम्ही फोटोत एवढं वर का बघत होता? पंखा होता का?"

"ट्यूब फडफडत होती," ललितने खरं ते सांगितलं. तिची सुरी थांबली. हसू आवरल्यावर पुन्हा चालू झाली.

ताम्हणात पावशेर कुंकू निघालं. सगळ्यात खालच्या थरातल्या एका अक्षतेला मोड आला होता, असं रंगनाथमामा आजही शपथेवर सांगतात. टरफल काढून कांडलेल्या तांदळाला मोड येत नाही हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको, पण मामांना तरी कोण सांगणार?

बटण मोकळं झालं. टक् करून आत गेलं, टक् करून बाहेर आलं. माउस, कीबोर्ड, वायर, सगळं पुन्हा लावलं. मशीन चालू केलं, भाग्यश्रीने तिचा अर्धा राहिलेला मंडप उघडून नीट ठेवला आणि शटडाउन दाबलं.

स्क्रीन काळा झाला. पंखा थांबला.

एक श्वास. दोन. तीन. सगळ्यांनी आपापले श्वास धरून ठेवले होते. चिमाजी बोटांवर मोजत होते, ते साठावर गेले, शंभरावर गेले. डबा गप्प होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या शेडमध्ये बाहेरच्या पाटाचं पाणी ऐकू आलं.

"गेला," चिमाजी म्हणाले आणि आनंदाने टाळी वाजवली.

गोजराबाईंनी ताम्हणातलं कुंकू फडक्यात बांधून गोदेला सोडायला बाजूला ठेवलं. मग नवा करंडा उघडून डब्याच्या माथ्यावर, बटणापासून हातभर दूर, एक टिकली लावली आणि ललितकडे असं पाहिलं, की आता बोलून बघा. ललितने टिकलीला हात जोडले.

मग चिमाजींनी मुलीला विचारलं. सगळ्यांसमोर, सरळ. "भागे, काय म्हणतेस?"

"यांना विचारा, काम पुण्यातूनच करावं लागतं का?"

"इंटरनेट असलं की कुठूनही चालतं," ललित म्हणाला. "महिन्यातून दोनदा जावं लागतं."

"मग माझी हरकत नाही."

मामा इतके खूश झाले की त्यांनी दुसऱ्या बशीला हात घातला. गोजराबाईंनी त्यांना आणखी पोहे वाढले आणि जरा बाजूला घेऊन बजावलं, "पुढच्या रविवारी मुलाच्या आई-वडलांना घेऊन या. पण मुलाला सांगा भाऊ, चारचौघांत तोंड उघडताना जरा जपून."

"नको," भाग्यश्री कप उचलता उचलता म्हणाली. "असंच बोलू दे त्यांना."