रेशीम कुठे अडतं

"हातमोजा काढायचा नाही," शिवणयंत्रावरून मान न वळवता शालन नवऱ्याला म्हणाली.

समाधानचा हात थांबला. समोरच्या फळीवर शेवटचा पॉलिश पेपर फिरवून झाला होता. लाकूड गुळगुळीत झालं की नाही, हे तो आजवर तळव्यानेच ठरवत आला होता. रबरातून त्याला काहीच कळत नव्हतं.

फळी परदेशी शिसमाची होती. तांबूस लाकडात काळ्या रेषा, आणि गाठीभोवती त्या भोवऱ्यासारख्या फिरलेल्या. तिथे तंतू सारखे दिशा बदलत, त्यामुळे रंधा कुठूनही मारला तरी टवके उडत. त्याने रंधा बाजूला ठेवून पोलादी पत्र्याने खरवडायला घेतलं, आणि थोड्याच दिवसांत मनगटांवर फोड आले, डोळे सुजले. डॉक्टर म्हणाले, या लाकडाच्या भुशाची ॲलर्जी आहे, ती आता जाणार नाही. आपल्याकडचं शिसमसुद्धा सोडा. कसबा पेठेत समाधानला लोक शिसमासाठीच ओळखत. ही फळी शेवटची.

सकाळी सुहासिनीबाई येऊन गेल्या होत्या. नवऱ्याने कधीकाळी परदेशातून आणलेल्या या फळीचं त्यांना लिहायचं टेबल हवं होतं.

"समाधान, टेबल करताय की झाड लावलंय नव्यानं?" त्यांनी दारातूनच विचारलं. मग त्याची मनगटं दिसली आणि त्यांचा आवाज उतरला. "अहो, आहे तसं द्या. मी वर टेबलक्लॉथ घालीन."

"झाकायचं लाकूड नाही हे, बाई," तो एवढंच म्हणाला होता.

आता त्याने शालनला हाक मारली. "जरा हात फिरवून सांग."

"माझ्या हाताला भाकरीचं कळतं. लाकडाचं काय कळणार?"

तरी ती उठली. ब्लाउज शिवून उरलेला रेशमाचा एक तुकडा तिने उचलला आणि पुसून घेतलेल्या फळीवरून सावकाश ओढत नेला. गाठीपाशी तो अडला.

"इथं."

"तिथं? तिथं तर मी पुन्हा पुन्हा घासलंय."

"मी नाही म्हणत, रेशीम म्हणतंय. त्याच्याशी भांडा."

त्याने मास्क वर ओढला आणि पत्रा घेतला. खरवडलं, घासलं, पुसलं. रेशीम पुन्हा अडलं, पण आधीपेक्षा कमी. त्यानंतरच्या खेपेला मात्र ते गाठीवरून सरळ निघून गेलं आणि कडेवरून खाली जमिनीवर पडलं.

शालनने ते उचलून झटकलं.

लाकडाच्या अंगचं तेल पॉलिशला वाळू देत नाही, म्हणून त्याने आधी थिनरचा बोळा फिरवला आणि मग पॉलिशचा पहिला हात दिला. काळ्या रेषा पाण्याखालून वर याव्यात तशा वर आल्या.

दुपारभर फळी वाळत राहिली. उन्हं दारात आली, तेव्हा समाधानने हातमोजा काढला. उघडा तळवा त्याने फळीवर धरला, लाकडापासून चार बोटं वर. तो हात तसाच अधांतरी रेषांवरून पुढे गेला, गाठीपाशी वळला, भोवऱ्याला फेरी घालून दुसऱ्या कडेपर्यंत पोचला.

शालनने ते पाहिलं. तिने हातमोज्याचं नाव काढलं नाही. तिने सुई उजेडाकडे धरली आणि दोरा ओवायला घेतला.