वर्षाचा ड्रॉप

"पोरीच्या डोळ्याला काय झालं म्हणायचं?"

शेजारच्या पुष्पाबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं. त्यांच्या हातात वाटी होती आणि वाटीत धने भिजवलेलं पाणी. मी काळा चष्मा लावून खुर्चीत बसलो होतो. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आठवडा होत आला होता, त्यामुळे मला वाटलं की त्या माझीच चौकशी करताहेत.

"बरं आहे आता," मी म्हणालो.

"तुमचं न्हाई हो अण्णा. तुमचं वयच झालं. वर्षाराणीचं इचारू राह्यले. साळूबाईच म्हणल्या ना गिरणीत, वर्षानं ड्रॉप घेतलाय म्हणून. तरण्या पोरीला ड्रॉप म्हणल्यावर माझ्या काळजात चर्र झालं बघा."

साळूबाई म्हणजे माझी धाकटी बहीण. ऑपरेशन झालं म्हणून मदतीला वडीगोद्रीहून आली होती, पण गुडघ्यांमुळे तिलाच हातात चहा द्यावा लागत होता. ती कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

मधल्या खोलीचा पडदा सरकला. माझी नात बाहेर आली. केसांत पेन खोचलेलं, हातात फिजिक्सचं पुस्तक, पानात बोट घातलेलं.

"काकू, तो ड्रॉप न्हाई. ड्रॉप म्हणजे एक वर्ष थांबायचं. पुढच्या वर्षी नीटची परीक्षा परत द्यायची. डॉक्टरकीसाठी."

"मंग डोळे?"

"डोळे बराबर हायेत."

"म्हणजे वर्षानं वर्ष सोडलं का?" साळूबाई म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसली की लसणाची टरफलं अंगभर उडाली. पुष्पाबाईही हसल्या. मलाही हसू आलं होतं, पण वर्षाकडे पाहिलं आणि ते मी आत ढकललं. ती पडदा ओढून आत गेली.

जरा वेळाने आत मोबाइलचा गजर वाजला आणि ती पुन्हा बाहेर आली. आता हातात पुस्तक नव्हतं, बाटली होती.

"अण्णा, मान वर."

पुष्पाबाई वाटी ठेवून गेल्या. अभ्यासाने जळजळ होते म्हणाल्या, असू द्या.

उन्हाळ्यात निकाल लागला तेव्हा थोड्याशा मार्कांनी वर्षाचं एमबीबीएस हुकलं. होमिओपॅथीला नंबर लागत होता. ती नको म्हणाली. तिला एक वर्ष हवं होतं, फक्त अभ्यासाला. लातूरला क्लास लावावा असं तिच्या मनात होतं. माझा मुलगा मच्छिंद्र नाही म्हणाला नाही. त्याचं बियाण्या-खताचं दुकान आहे, दिवसभर लोकांशी बोलून त्याला सवय झाली आहे, तो कशालाच सरळ नाही म्हणत नाही. तो म्हणाला, "मोबाइलवर सगळे क्लास येतात. घरी काय कमी हाय? खा-पी, अभ्यास कर."

त्या वेळी ते मलाही बरोबर वाटलं होतं. खरं सांगायचं तर आनंदच झाला होता. माझी नोकरी संशोधन केंद्राच्या ग्रंथालयात गेली. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या रोगांवरची पुस्तकं लावता लावता मी दुसरी पुस्तकं वाचत आलो. घरात कुणी वाचत नाही. मला वाटलं, पोरगी वर्षभर घरी आहे, अभ्यासातून डोकं शिणलं की दोन चांगली पुस्तकं वाचेल. मी निवडून एक चळत तिच्या टेबलावर ठेवली. तिने "हो अण्णा" म्हटलं. नंतर पाहिलं तर त्या चळतीला टेकून मोबाइल उभा केलेला होता. उंची अगदी बरोबर आली होती.

त्या वर्षाचं काय करावं हे तिला सोडून बाकी सगळ्यांना माहीत होतं. कुणी म्हणालं शिलाई शिकून घे. कुणी म्हणालं टायपिंग कर. टेंभुर्णीहून तिचे मामा राधेश्याम आले, ते म्हणाले, "बीएस्सीला नाव टाकून ठेव. वर्ष खाली दिसाया नको." जणू वर्ष म्हणजे रिकामी कणगी होती.

आणि खाली ते एक दिवसही राहिलं नाही. वर्षाची आई, सत्यशीला, अंगणवाडीत सेविका आहे. सकाळी स्कूटीवर जाते ती दुपारी येते. मच्छिंद्र दुकानात. मग सिलेंडर आला की वर्षा. नळ आला की वर्षा. दुकानातून फोन, "वर्षे, त्या तुरीच्या बियाण्याचा फोटो टाक गं ग्रुपवर, जल्दी." पाहुणा आला की फ्रिजमधलं पाणी, आणि फ्रिज मधल्या खोलीत, तिच्या टेबलाला लागून. कुणालाही विचारलं तर एकच उत्तर, "घरीच तर हाय." हे तीन शब्द मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकले की ते तिचं आडनाव असावं असं वाटायला लागलं.

त्यात माझ्या मोतीबिंदूची भर पडली. मी वाट पाहू शकलो असतो, पण मच्छिंद्र म्हणाला, "यंदाच उरकून घेऊ अण्णा. वर्षा घरीच तर हाय." डाव्याचं संपलं, दोन महिन्यांनी उजव्याचं निघालं. दोन बाटल्या, एक पांढऱ्या टोपणाची, एक गुलाबी. आधी गुलाबी, मग थांबायचं, मग पांढरी. थेंब टाकला की डोळे मिटायचे आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, नाहीतर औषध घशात उतरतं. हे सगळं तिनेच दवाखान्यातून नीट समजून घेतलं होतं. दिवसभर गजर वाजत. प्रत्येक गजराला ती काहीतरी अर्धवट टाकून उठत असे.

एका रविवारी ती दुपारी जेवून सराव परीक्षेला बसली. खऱ्या परीक्षेसारखी, सलग. सकाळीच सगळ्यांना सांगितलं होतं, मला हाक मारू नका. आणि नेमकी दुपारी मामांची गाडी दारात थांबली. सोबत मामी, मामीची बहीण.

"भाची कुठंय?" मामा ओरडले.

"परीक्षा देऊन राह्यली," सत्यशीला हळूच म्हणाली.

"घरात? कोण घेऊन राह्यलं परीक्षा? फ्रिज?"

सगळे हसले. सत्यशीलेने स्वतः चहा ठेवला, स्वतः पाणी आणलं. मला ते बरं वाटलं. पण तेवढ्यात गजर वाजला. मला वाटलं, आज राहू द्यावं, एक वेळ चुकली तर काय होतं. मी तसं म्हणणार होतो. पण एवढ्या लोकांत मोठ्याने बोलायचं म्हणजे मला आधी घसा साफ करावा लागतो, आणि तोवर ती समोर उभी होती. तिचे ओठ हलत होते. ती कुठलातरी आकडा मनात धरून आली होती, जसं एखादा काठोकाठ भरलेली वाटी धरून चालतो. तिने माझी मान वर केली आणि थेंब टाकला. डाव्या डोळ्यात. या वेळचं ऑपरेशन उजव्याचं होतं.

"दुसरा," मी म्हणालो.

ती थबकली. पदराने पुसावं तसं ओढणीने माझा गाल पुसला. उजव्या डोळ्यात नीट थेंब टाकला. मग तशीच उभी राहिली.

"गेला," ती म्हणाली.

"काय गेलं गं?" मामींनी विचारलं.

"आकडा."

कुणाला काही कळलं नाही. मामा म्हणाले, "मटका लावती का काय भाची?" आणि पुन्हा सगळे हसले. वर्षा आत गेली. त्या दिवशी तिने परीक्षा पुरी केली नाही. पडद्याखालून तिचे पाय दिसत होते, पंखा पेन ठेवलेल्या पानाचा एक कोपरा उडवत होता आणि ती ते दाबत नव्हती.

मी ठरवलं की मच्छिंद्रशी बोलायचं. दोन दिवस वाक्य मनात तयार केलं. ते पुस्तकातल्यासारखं झालं म्हणून मोडलं, पुन्हा केलं. रात्रीच्या जेवणात पहिला घास झाल्यावर मी म्हणालो, "जालन्यात म्हणे अभ्यासिका असतात."

"असतात की. मंग?"

"नाही, म्हणजे तिथे शांत असतं. पोरं दिवसभर बसतात. सकाळच्या पॅसेंजरनं गेलं, संध्याकाळी परत..."

मच्छिंद्रने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "अण्णा, मला काय तिचं वाईट करायचंय का? पण तिला पाठवलं तर तुमच्या डोळ्यात ड्रॉप कोण टाकील? आत्याचा हात थरथरतो. हिची अंगणवाडी. मी दुकान बंद करून बसू का घरी? तुमच्यासाठीच तर थांबवलंय तिला."

मी ताटाकडे पाहिलं. मी तिच्या बाजूने बोलायला निघालो होतो आणि अडसर म्हणून माझंच नाव निघालं.

"पप्पा, अण्णांचं नाव मधी घेऊ नका," वर्षा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी कधी घेतलं का? मी एक वर्ष अभ्यासाला मागितल्तं. तुम्ही ते घराला देऊन टाकलं."

"घरीच तर हायेस म्हणून लोक काम सांगतात. कुनी नोकर म्हणून न्हाई सांगत."

"नोकराला सुट्टी असती."

सत्यशीला हात धुवायच्या निमित्ताने उठली. साळूबाई म्हणाली, "भाकर थंड होऊन राह्यली." वर्षाने ताट पुरं केलं, सगळ्यांची भांडी गोळा केली, आणि गजर वाजल्यावर माझ्यासमोर आली.

"अण्णा, मान वर."

पुढच्या तपासणीला मी जालन्याला एकटाच गेलो. मच्छिंद्र येतो म्हणाला, मी म्हणालो, दिसतंय मला आता. डॉक्टरांनी उजेड टाकून पाहिलं. ड्रॉप कमी करू, म्हणाले, दिवसातून चार वेळा, अजून महिनाभर.

परतीच्या गाडीत उभ्याने येताना मी पुन्हा वाक्य तयार करत होतो. या वेळी ते छोटं होतं.

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधीच मी म्हणालो, "ड्रॉप बंद केले डॉक्टरांनी. आता पोरीला जालन्याला जाऊ दे."

एका दमात निघालं. मलाच आश्चर्य वाटलं. मच्छिंद्र दुकानाच्या किल्ल्या शोधत होता, तो थांबला. "बिलकुल बंद?"

"बिलकुल."

त्याच्याकडे दुसरं कारण नव्हतं. शोधलं असतं तर सापडलं असतं, पण त्याने शोधलं नाही, हे मी त्याच्या नावावर जमा मांडतो. "जाऊ दे मंग," तो म्हणाला. "पण संध्याकाळच्या गाडीनं घरी." सत्यशीलेने फळीवरचा स्टीलचा डबा काढला आणि घासायला घेतला.

वर्षा माझ्याकडे पाहत होती. "अण्णा, चिठ्ठी दाखवा ना."

"दवाखान्यातच राहिली वाटतं."

ती आणखी थोडा वेळ पाहत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि आत गेली.

बाटल्या मी सदऱ्याच्या खिशात ठेवायला लागलो. न्हाणीघरात आरशासमोर उभं राहून स्वतःच्या डोळ्यात थेंब टाकणं मला जमत नसे. पापणी आधीच मिटे. थेंब भुवईवर पडे, गालावर पडे, एकदा कानात गेला. मोठमोठ्या कादंबऱ्या वाचल्या, पण बाटली नेमकी डोळ्यावर धरता येईना. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला कधीतरी आत गार लागे.

मार्च निम्मा उलटला होता. परीक्षा मेमध्ये. पहिल्या सकाळी मी तिला बदनापूर स्टेशनवर सोडायला गेलो. मच्छिंद्र म्हणाला होता, ती जाईल की एकटी, पण मला जायचं होतं. फलाटावर जालन्याला कामाला जाणारी नेहमीची माणसं उभी होती.

"उरलं काय आता अण्णा," वर्षा म्हणाली. दप्तर छातीशी धरलं होतं. "जूनमध्येच जाया पाहिजे होतं मी."

मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. पुस्तकातली पुष्कळ वाक्यं आठवली, तिच्यासमोर काढण्यासारखं एकही नव्हतं. "डबा घेतलास ना?" मी विचारलं.

"घेतला."

गाडी आली. ती चढली, गर्दीत आत सरकली, खिडकीशी जागा मिळाली नसावी. दांड्याला धरलेला तिचा हात तेवढा दिसत होता. मी बाकावर बसलो आणि माझ्या खिशातला मोबाइल वाजायला लागला.

मी तो काढला. फोन नव्हता, गजर होता. तो मी लावला नव्हता. मला गजर लावता येत नाही.

गाडी अजून उभी होती. मी गुलाबी टोपणाची बाटली काढली, मान वर केली. पहिला थेंब गालावर गेला. दुसराही. तिसरा आत उतरला.

"अहो अण्णा!" कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. आवाजावरून ओळखलं, रोज जालन्याला जाणारे आमच्या गल्लीतले बिभीषणराव होते. "रडू राह्यले का काय? सांजच्याला येईल की पोरगी."

"रडत नाही हो. ड्रॉप आहे."

"माहीत हाय मला, ड्रॉप हाय. सगळ्या गल्लीला माहीत हाय. आता पोरीनं ड्रॉप घेतला म्हणून एवढं रडायचं असतं का? व्हईल पास." त्यांनी खांदा थोपटला आणि ते गाडीकडे पळाले.

मी डोळे मिटलेलेच ठेवले. नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरला, तिने शिकवला होता तसा. एवढ्यात उघडायचे नाहीत. गाडी हलली ते मला कानांनी कळलं.