दीड किलोच्या आत

“काका, डोळे मिटून काय उचलताय? बघून घ्या की!”

दुकानातली मुलगी हसू दाबत म्हणाली. काउंटरवर तिने चार लॅपटॉप ओळीने मांडले होते आणि ते किती छान आहेत हे सांगून सांगून तिचा घसा कोरडा पडला होता. म्हाताऱ्याचे तिकडे लक्षच नव्हते. पहिला लॅपटॉप दोन्ही तळहातांवर घेऊन तो डोळे मिटून उभा होता. मधूनच हात जरासा खाली सोडत होता, पुन्हा वर घेत होता.

“बघितलं की डोळे मध्ये मध्ये बोलतात,” तो म्हणाला. “मग हातांचं ऐकू येत नाही.”

“पण वजन लिहिलंय ना काका समोर. एक किलो दोनशे चाळीस. या किमतीत याच्याहून पातळ दुसरा मिळणार नाही तुम्हाला.”

म्हाताऱ्याने डोळे उघडले. “पातळ आहे. हलका नाही. तेराशेच्या पुढे आहे हा.”

शेजारच्या खुर्चीवर त्याची लेक बसली होती. तिचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा होता. ती मुलीला म्हणाली, “तुमच्याकडे वजनकाटा आहे का हो? नाहीतर आमचे बाबा इथून हलायचे नाहीत.”

पार्सले तोलायचा काटा मागच्या खोलीत होता. मुलीने तो आणून काउंटरवर ठेवला, वर लॅपटॉप ठेवला आणि आकड्याकडे बघून तिचे तोंड उघडेच राहिले. एक किलो तीनशे अडतीस. मग तिने खोक्यावरची बारीक अक्षरे वाचली. चिठ्ठीवरचे वजन लहान बॅटरीच्या नमुन्याचे होते. याची बॅटरी मोठी होती.

“तुम्ही सोनार आहात का?” तिने विचारले.

“हमाल,” म्हातारा म्हणाला.

तो साधासुधा हमाल नव्हता. बेचाळीस वर्षे त्याने अवजड सामान हलवण्याचे काम केले होते. तिजोऱ्या, पियानो, छापखान्याची यंत्रे, दवाखान्यातल्या लोखंडी खाटा. टोळीतले लोक त्याला ‘काटा’ म्हणत. कुठल्याही वस्तूच्या एका कोपऱ्याखाली चार बोटे घालून ती नखभर उचलायची आणि आकडा सांगायचा, ही त्याची ख्याती. त्या आकड्यावरून माणसे किती, दोर कुठला, पट्टे किती, सगळे ठरायचे. काट्याने सांगितले की कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

स्वतः त्याने मात्र गेले अकरा महिने आपल्या हातांना काही विचारले नव्हते.

अकरा महिन्यांपूर्वी घरातले शिसवी कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचे होते. लेक म्हणाली, दोन माणसे बोलावू. म्हातारा म्हणाला, लोक हसतील मला. वरची बाजू त्याने घेतली, खालची तिने. उंबऱ्यापाशी वळवताना कपाट कलंडले आणि तिच्या खांद्यावर आले. हाड जुळले, पण नस दुखावली ती दुखावलीच. उजवा हात टाइप करी, पेन धरी, पण पाण्याची कळशी उचलू शकत नव्हता. सगळा भार पडून तोही दुखावू नये म्हणून डाव्या खांद्यावरही व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बंधन घातले होते: दीड किलो. “पिशवीसकट हं,” त्या म्हणाल्या होत्या. “त्याच्या वर चिठ्ठीसुद्धा नको.”

लेकीचे काम असे की पिशवीशिवाय चालणारे नव्हते. ऐकू न येणाऱ्या लहान मुलांच्या घरी जाऊन ती त्यांना शब्द शिकवायची. पडद्यावर चित्र दाखवायचे, ओठ दाखवायचे, मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवून थरथर दाखवायची. एकेका शब्दाला कधी महिना लागायचा. तिचा जुना लॅपटॉप चार्जरसकट तीन किलोला टेकलेला होता. अकरा महिने ती घरी बसून होती आणि तिकडे मुले शिकलेले शब्द एकेक करून विसरत होती, असे आयांचे निरोप येत होते.

“कॅनव्हासची पिशवी दोनशे ग्रॅम,” म्हाताऱ्याने बोटांवर हिशेब केला. “चित्रांचे पत्ते दीडशे. म्हणजे लॅपटॉप साडेअकराशेच्या आत पाहिजे. पाणी काय, लोक देतात.”

“आणि चार्जर?” मुलीने विचारले.

तो म्हाताऱ्याच्या हिशेबातच नव्हता.

आता मुलगी पुढे सरसावली. या विचित्र गिऱ्हाइकात तिला गोडी वाटू लागली होती. “थांबा. ज्याची बॅटरी दिवसभर चालते तोच बघायचा. सकाळी भरून निघायचं, चार्जर घरी. आणि वेळ आलीच, तर मोबाइलच्या चार्जरवर चालणारा घेऊ. तो कुठल्याही घरात असतो.” तिने दुसरा लॅपटॉप पुढे केला. “याचा आवाज तर इतका सुरेख आहे ताई, मुलं अगदी कान देऊन ऐकतील.”

“माझी मुलं ऐकत नाहीत हो,” लेक म्हणाली.

“अहो, हल्ली कुणाची ऐकतात!”

“नाही, म्हणजे खरंच. त्यांना ऐकू येत नाही.”

मुलगी आधी लाल झाली. मग लेकच खो खो हसली, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. दुसरा लॅपटॉप नऊशे ग्रॅमचा निघाला. म्हाताऱ्याला तो इतका आवडला की त्याने चिठ्ठीवरची किंमतच वाचली नाही. लेकीने वाचली आणि हळूच त्याच्या हातातून काढून परत जागेवर ठेवला. तिसऱ्यावर चित्र झकास दिसत होते, पण बाजूला बसलेल्याला काळेच दिसे. “मूल माझ्या शेजारी बसतं,” लेक म्हणाली. “त्याला समोरून बघायला लावलं तर माझे ओठ कसे दिसणार?”

चौथा कुणी हातात धरावा असा नव्हता. पहिल्यापेक्षा जाड, रंगाने राखाडी, प्लास्टिकच्या डब्यासारखा. गेल्या वर्षीचा नमुना, दुकानात मांडून ठेवलेला, झाकणावर एक ओरखडा. म्हणूनच किंमत उतरवलेली. म्हाताऱ्याने तो नाइलाजाने तळहातांवर घेतला, डोळे मिटले आणि एकदम उघडले.

“हा रिकामा आहे,” तो म्हणाला. “आतलं सामान काढून घेतलंय.”

“नाही हो काका. चालू आहे बघा.” मुलीने बटण दाबले. पडदा उजळला.

म्हाताऱ्याने पुन्हा डोळे मिटले. दोनदा खाली सोडला, दोनदा वर घेतला. “अकराशेच्या आत. थोडासाच आत.”

काट्याने दाखवले: एक हजार पंच्याऐंशी.

लेक बघतच राहिली. आकड्याकडे नव्हे, बापाच्या हातांकडे.

“पण हे कसं शक्य आहे?” म्हातारा त्या मुलीला विचारत होता. “जाड आहे, तरी हलका? आत काय आहे?”

“त्याचं अंग वेगळ्या धातूचं आहे. पण आतलं दाखवायचं तर… या, आत या.”

मागच्या खोलीत दुरुस्ती करणारा मिस्त्री बसला होता. चाळिशीचा, कपाळावर दिवा बांधलेला. योगायोगाने त्याच्यापुढे याच नमुन्याचा एक लॅपटॉप पोट उघडून पालथा पडला होता. म्हाताऱ्याने वाकून पाहिले. चार सपाट काळ्या वड्या आणि वरच्या बाजूला कंगव्याएवढी एक हिरवी पट्टी.

“या वड्या म्हणजे बॅटरी,” मिस्त्री म्हणाला. “कॉम्प्युटर म्हणाल तर तो एवढाच.” त्याने चिमट्याचे टोक हिरव्या पट्टीवर ठेवले.

“आणि बाकीचा?”

“बाकीचा नाहीच काका.”

“गार करायला पंखा?”

“यात पंखाही नाही. तापतच नाही फारसा.”

म्हातारा शेजारच्या स्टुलावर बसला. मग तो जे बोलला ते मिस्त्रीने हातातला चिमटा खाली ठेवून ऐकले.

“मी बावीस वर्षांचा होतो. एका मोठ्या कार्यालयात कॉम्प्युटर चढवायचा होता, चौथ्या मजल्यावर. लोखंडी कपाटं होती, सहा. एकेक चारशे किलोचं. जिन्यातून जाईनात म्हणून खिडकीची चौकट काढली, भिंत फोडली, गच्चीवर कप्पी बांधली. अकरा माणसं, दोन दिवस. तिसरं कपाट ओढताना दोर सरकला आणि आमच्या लंबूची दोन बोटं कप्पीत गेली. आणि नुसता तो गार ठेवायला जे यंत्र होतं ना, ते त्याच्याहून जड! वर पोचल्यावर तिथले साहेब म्हणाले, हा कॉम्प्युटर एका दिवसात शंभर माणसांचं काम करतो. आम्ही तोंडात बोटं घातली. लंबू दवाखान्यातून आला तर म्हणाला, मला बघू द्या तरी, कशापायी गेली बोटं. पण आत कुणी सोडलं नाही आम्हाला.” त्याने हिरव्या पट्टीकडे बोट केले. “तो मोठा की हा?”

मिस्त्री क्षणभर घुटमळला. “काका, तसली हजारो कपाटं आणलीत तरी याची बरोबरी नाही व्हायची.”

म्हाताऱ्याने त्या पट्टीवर हात धरला. टेकवला नाही, नुसता वर धरला, जशी ऊब घ्यावी तसा. “कुणी केलं हे?”

“कुणा एकाने नाही. हजारो लोक असतील. कुणी एक स्क्रू कमी केला असेल, कुणी पत्रा जरा पातळ केला असेल. ग्रॅम ग्रॅम करत आलंय इथवर.”

‘म्हणजे आपल्याच धंद्यातले,’ म्हाताऱ्याच्या मनात आले. दुसऱ्याच्या खांद्यावरचे ओझे हलवणारे. फक्त त्याने आयुष्यभर ते एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेले होते आणि या लोकांनी ते नाहीसेच केले होते. त्यांची तोंडे त्याने पाहिली नव्हती, भाषा त्याला कळली नसती. तरी त्याला वाटले, यातला एखादा भेटला तर त्याचा हात हातात घेऊन बघावा.

दिवसभर चालणारा, बाजूनेही चित्र दिसणारा तो राखाडी लॅपटॉप घेऊन बाप-लेक बाहेर आले आणि बसथांब्याच्या बाकावर बसले. खोके म्हाताऱ्याच्या मांडीवर होते. बस यायला वेळ होता.

“त्या दिवशी माझा हात सुटला,” तो समोर बघत म्हणाला. “कपाटाचा. तू सगळ्यांना सांगितलंस की तुझा पाय घसरला.”

“माहितीये मला.”

“काय माहितीये?”

“हात सुटला ते. बघितलं ना मी.” लेकीने डाव्या हाताने पदर सारखा केला. “पण पायही घसरलाच होता बाबा. दोन्ही झालं. मग मी माझं तेवढं सांगितलं.”

म्हाताऱ्याने मान हलवली. आणखी बोलायला गेला, तेवढ्यात बसच आली.

पुढच्या सोमवारी ती कामाला निघाली. पहिले घर एका सहा वर्षांच्या मुलीचे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. बाप इमारतीच्या दारापर्यंत बरोबर आला होता. जिन्यापाशी त्याने सवयीने पिशवीसाठी हात पुढे केला.

“नको,” ती म्हणाली. “आणि वर येऊ नका. मला एकटीला जायचंय.”

तो खालीच राहिला. तिच्या चपलांचा आवाज वर चढत गेला. पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या वळणावर आवाज थांबला. म्हाताऱ्याने पायरीवर एक पाय ठेवला. वर काही हलत नव्हते. त्याने पाय मागे घेतला. थोड्या वेळाने चपला पुन्हा वाजू लागल्या, आधीपेक्षा सावकाश, पण न थांबता.

दाराची कडी वाजली. आणि मग वरून एक आवाज आला, ओबडधोबड, चढउतार नसलेला, स्वतःला कधीच न ऐकलेल्या गळ्यातून निघालेला. “ता… ई.” पुन्हा, आणखी मोठ्याने: “ताई!”

अख्ख्या जिन्यात तो घुमला. म्हाताऱ्याच्या अंगावर काटा उभा राहिला. अकरा महिन्यांत त्या मुलीने आणखी काय काय हरवले होते कुणास ठाऊक, पण हा एक शब्द तिने सोडला नव्हता.

दार लागले. सगळे शांत झाले.

इमारतीतला कुणी गृहस्थ धान्याचे पोते पाठीवर घेऊन आत आला. जिन्याच्या तोंडाशी उभ्या म्हाताऱ्याला पाहून थबकला. “कुणाकडे जायचंय आजोबा?”

“कुणाकडे नाही,” म्हातारा म्हणाला. “लेक वर कामावर गेलीये.”

आणि वाट देण्यासाठी तो भिंतीला पाठ लावून सरळ उभा राहिला.