पाण्याचा हबका

तांडापेठेतल्या चंद्रभान धकातेला रिकाम्या माणसांचा भारी राग होता, आणि गेली सहा वर्षं तो स्वतः रिकामाच बसून होता. बेचाळीस वर्षं हातमाग चालवलेला माणूस. माग मोडीत गेला, मागाचा खड्डा बुजवून वर फरशी बसली, आणि त्या फरशीवर मुलीचा मोठा फ्रीज येऊन उभा राहिला. त्या फ्रीजची घरघर ऐकत चंद्रभान बाजेवर पडून राही आणि कुणावर तरी खेकसायचं निमित्त शोधत राही. बायको सत्यवती चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून धड भांडायलाही घरात कुणी नव्हतं. मुलगी, काजल, भांडत नसे. ती ‘हो बाबा’ म्हणायची आणि तिला करायचं तेच करायची.

काजल आठ वर्षं सीताबर्डीतल्या एका कपड्याच्या दुकानात विक्रीला उभी होती. उभीच. बसायची सोय मालकानं ठेवली नव्हती. पाय सुजायला लागले तेव्हा तिनं सुट्टीच्या दिवशी चॉकलेटं करण्याचा क्लास लावला आणि वर्षभरात नोकरी सोडून घरीच धंदा सुरू केला. चॉकलेटं, आणि सणावारी थंडाई, सरबतं, मसाला दूध. काम म्हणाल तर सोपं. लकडगंजच्या ठोक दुकानातून चॉकलेटच्या लाद्या आणायच्या, उकळत्या पाण्यावर काचेचं भांडं ठेवून त्यात वितळवायच्या, साच्यात ओतायच्या, गार झाल्या की ठोकून काढायच्या. कुठं बदामाचा तुकडा, कुठं संत्र्याच्या सालीचा कीस. चंद्रभानला पहिल्यांदा हे पाहून हसूच आलं होतं. यात कसली आली कारागिरी? पण गिऱ्हाईक हिच्याकडे येत होतं, आणि त्याची कारागिरी फुकटातसुद्धा कुणाला नको होती, हे त्याला पुरतं कळून चुकलं होतं.

हळूहळू त्याचे हात शिवशिवायला लागले. काजल ओट्याशी उभी असली की तो मागं येऊन उभा राही. “मी काही करू का वं?” असं विचारी. “राहू द्या बाबा, होऊन राहिलं,” असं उत्तर येई. त्याला एवढंच हवं होतं की पोरीनं एकदा तरी आपल्याला कामातलं माणूस समजावं. गरम भांडं उतरवून दे, डब्यांना फिती बांध, काहीही. ती त्याला चहा करून देई, गोळ्या वेळेवर देई, आणि काम मात्र देत नसे. बापाची एवढी काळजी घेणारी पोर बघून गल्लीतल्या बायका तिचं कौतुक करत, ते ऐकून चंद्रभानच्या अंगाचा तिळपापड होई.

कोजागिरीला काजलला तोवरची सगळ्यात मोठी ऑर्डर मिळाली. बेसा भागातल्या एका नव्या फ्लॅट-स्कीममध्ये राहणाऱ्या रीना मॅडम तिथल्या बायकांचे कार्यक्रम बघायच्या. त्यांना साठ डब्या चॉकलेट आणि शंभर माणसांचं मसाला दूध हवं होतं. ऑर्डर देताना त्यांनी दोनदा विचारलं होतं, “सगळं तूच करते ना? बाहेरून कोणाकडून करून नाही ना घेत?” काजलनं सांगितलं होतं, “सगळं माझ्याच हातचं आहे मॅडम.” हे नीट झालं तर दिवाळीची ऑर्डरही इथंच येणार, हे न बोलताच दोघींना ठाऊक होतं.

चॉकलेटं आदल्या दिवशीच व्हायची होती. पण त्या दिवशी तांडापेठेत सकाळपासून लाइट गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही, आणि फ्रीज बंद म्हणजे साचे बंद. म्हणून सगळा घोळ कोजागिरीच्याच दिवसावर आला. सकाळी दूध आटवून झालं, केशर-वेलची पडली, घरभर वास सुटला. तेवढ्यात काजलनं डब्या उघडून पाहिल्या तर झाकणं लहान मापाची आलेली. सीताबर्डीला जाऊन बदलून आणण्यावाचून इलाज नव्हता. ती दारात चप्पल घालत क्षणभर थांबली, घड्याळाकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं.

“बाबा, एक कराल का? हे दोन भांडे आहेत चॉकलेटचे. एकानंतर एक वितळवून ठेवा. गॅस बारीकच ठेवा आणि हलवत राहा. मी तासाभरात येतो.”

“जा ना तू बिनधास्त,” चंद्रभान म्हणाला, आणि बाजेवरून असा उठला की गुडघ्यातली कळही त्याला उशिरा जाणवली.

पाण्याबद्दल काजल काही बोलली नाही. चॉकलेटात कुणी पाणी घालेल, हे तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

चंद्रभाननं हात धुतले, पुसले, बनियनवर धुतलेला सदरा चढवला. कामाला बसताना उघड्या अंगानं बसायचं नाही, हा त्याचा जुना नेम. लाद्यांचे तुकडे हळूहळू मऊ पडले, कडा वितळल्या, भांड्यात तपकिरी तुकतुकीत रस फिरू लागला. तो हलवत होता आणि मनातल्या मनात खूश होत होता. पण गॅस बारीक म्हणजे किती बारीक, हे त्याच्या नजरेला ठाऊक नव्हतं. थोड्या वेळानं रस जड झाला. उलथनं ओढायला जोर लागू लागला.

आता हा प्रकार त्याच्या ओळखीचा होता. माग लावण्याआधी ताण्याच्या उभ्या सुताला पिठाची खळ चोपडतात, त्याला पांजणी म्हणतात. तांडापेठेत एके काळी प्रत्येक गल्लीत सूत ताणून पांजणी चालायची. खळ आळायला लागली की बोटं पाण्यात बुडवून वरून हबका मारायचा, म्हणजे ती पुन्हा सैल होते. जो हबका मारायला चुकला त्याचं सूत गेलं. बापानं त्याला हे वयाच्या दहाव्या वर्षी कान पिळून शिकवलं होतं, आणि पांजणीत चंद्रभानचा हात धरणारा माणूस अख्ख्या पेठेत नव्हता. त्यानं विचारसुद्धा केला नाही. हात आपोआप गेला. बाजूच्या पातेल्यातलं पाणी घेतलं आणि हबका मारला.

चॉकलेट जागच्या जागी थिजलं. तुकतुकी गेली, रवाळ दाणे दिसू लागले. त्यानं आणखी एक हबका मारला. मग त्याचा चिखलासारखा गोळा झाला आणि उलथन्याला चिकटून वर आला. चंद्रभानला वाटलं, आपण उशीर केला, आळल्यावर पाणी दिलं म्हणून बिघडलं. शहाण्या कारागिरासारखी त्यानं चूक सुधारली. दुसऱ्या भांड्याला सुरुवातीलाच हबका मारून घेतला.

काजल परत आली तेव्हा दोन्ही भांड्यांत गोळे होते आणि बाप मधोमध उभा होता, हातात उलथनं घेऊन. तिनं वाकून पाहिलं. बोटानं दाबून पाहिलं.

“पाणी टाकलं काय?”

“हबका मारला. आळून राहिलं होतं ना वं.”

“दोन्हीत?”

त्यानं मान हलवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली फरशीवर बसली, झाकणांची पिशवी मांडीवर घेऊन. चंद्रभानला म्हणायचं होतं की चुकलं माझं. पण बेचाळीस वर्षांत त्याच्या तोंडाला त्या शब्दाची सवय नव्हती, आणि आता एवढ्या पटकन ती लागेना.

“काहून नाही सांगितलं मले, पाणी नाही टाकत म्हणून?” तो म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याला स्वतःची लाज वाटली.

काजल उठली आणि मधला पडदा ओढून आतल्या खोलीत गेली. पडदा काही भिंत नव्हे. तिनं रीना मॅडमला फोन लावलेला त्याला ऐकू येत होता.

“मॅडम, थोडा प्रॉब्लेम झाला. नाही, दूध एकदम मस्त झालं. चॉकलेट खराब झालं. मदतीले एक माणूस ठेवला होता मी, म्हातारा होता, गरजू होता म्हणून ठेवला. त्यानं पाणी टाकलं त्यात. हो मॅडम, माझीच चूक आहे, मीच विश्वास ठेवला. काढून टाकलं त्याले. आत्ताच काढलं.”

चंद्रभान ओट्याला टेकला. म्हातारा होता, गरजू होता. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या, त्यामुळे चिडायलाही काही हाताशी लागेना. फार वाईट वाटलं त्याला, इतकं की सत्यवती गेली त्या दिवशीही आपण एवढे एकटे नव्हतो, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

बाहेर आलेली काजल वेगळीच होती. तिनं पदर खोचला, आटवलेल्या दुधातलं चार पातेली दूध गरम केलं आणि गोळ्यांवर थोडं थोडं ओतत रवी फिरवायला घेतली. दोन-चार थेंबांनी बिघडलेलं चॉकलेट भरपूर दुधात मात्र सुटू लागलं. दाणे विरले, तुकतुकी परत आली. जायफळ पडलं, बदामाचे काप पडले. पोरांसाठी चॉकलेटचं मसाला दूध तयार झालं. चंद्रभाननं न राहवून रवीकडे हात नेला. तिनं भांडं थोडं पलीकडे सरकवलं.

चार वाजता रीना मॅडम स्वतःच आल्या. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावून, पत्ता विचारत, सरळ घरातच. चंद्रभानला आत जायला वेळच मिळाला नाही. त्यांनी चॉकलेटचं दूध चाखलं, मग आणखी एक पेला मागून घेतला.

“अगं, हे तर चॉकलेटपेक्षा भारी झालं. पोरं तुटून पडतील,” त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाकडे गेली. सदऱ्यावर चॉकलेटचे डाग, हाताला चॉकलेट. “हाच काय तो माणूस?”

काजलनं तोंड उघडलं. चंद्रभान तिच्याकडे पाहत राहिला. हा माझा बाप आहे, असं ती म्हणेल असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर आशा वाटली. काजलच्या ओठांवर काहीतरी आलंही होतं. मग तिची नजर दुधाच्या पातेल्यावर गेली आणि तोंड मिटलं.

“हो जी, मीच तो,” चंद्रभान म्हणाला. “डबा राहिला होता माझा. तेवढा न्यायले आलो.”

शेल्फावरचा हाताला लागला तो डबा त्यानं उचलला. सत्यवतीच्या वेळेपासून त्यात जिरं असायचं.

“काका, होत नाही तर घरी बसावं ना आरामात. पोरीचं केवढं नुकसान केलं तुम्ही,” रीना मॅडम म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. मग काजलकडे वळून हळूच, पण त्याला ऐकू जाईल एवढ्याच हळू म्हणाल्या, “पाहून घे, त्याचाच आहे ना डबा?”

“त्यांचाच आहे,” काजल म्हणाली.

चंद्रभाननं दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि स्वतःच्या घरातून बाहेर पडला. चौकातल्या पानठेल्यापर्यंत तो मागं न पाहता चालत गेला. तिथं जागेश्वर उभा होता. एके काळचा विणकरच, त्याचाही माग गेलेला.

“कुठं निघाला गा डबा घेऊन?”

“कुठं नाही. कामावरून काढलं मले.”

जागेश्वर खो खो हसला. “तुले कोणी ठेवलं होतं गा कामावर?”

चंद्रभानला त्याच्याबरोबर हसावं लागलं. अर्ध्या तासानं खिशातला फोन वाजला. काजलचा आवाज किती दिवसांनी मोकळा लागत होता.

“बाबा, दिवाळीची ऑर्डर दिली त्यांनी. तीनशे डब्या.”

“बरं झालं.”

“आणि मघाशी… तुम्ही सांभाळून घेतलं, बाबा.” ती थांबली. “एवढंच आहे, दिवाळीपर्यंत त्या मधून मधून घरी येऊन पाहत जाईन म्हणाल्या. काम कोण करून राहिलं, सफाई कशी आहे ते.”

“मग?”

“मग काही नाही. यापुढं निघताना मले फोन करतील म्हणाल्या. मी लगेच तुम्हाले सांगत जाईन.”

चंद्रभान हो म्हणाला. घरी यायला हरकत नाही ना, हे विचारायचं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तोवर तिनं सांगितलं की मॅडमची गाडी दूध न्यायला यायची आहे, अजून जरा वेळ तिथंच थांबा.