पाठीचा बाक

बाळाबाई पुतणीला न्हाऊ घालत होती, तेव्हा तिच्या हातातला तांब्या मध्येच थांबला. सोनिया मोरीत वाकून बसली होती, केस पुढं सोडलेले. ओल्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर उचललेली दिसत होती. बाळाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या स्वतःच्या पाठीवर उभा जन्म हेच होतं.

"आत्या, पाणी घाल की."

बाळाबाईनं पाणी घातलं.

आंबवड्यात तिला लोक ओळखत ते तिच्या पाठीवरून. सोनियाएवढीच होती, तेव्हा तिचा खांदा एकीकडं कलायला लागला. नदीवरनं हंडे वाहून झालं, असं घरच्यांनी ठरवून टाकलं. बघायला आलेले पाहुणे चहा पिऊन गेले ते परत फिरकले नाहीत. आईबापामागं ती धाकट्या भावाकडं, बंडूकडं राहिली. सोनिया त्याची पोरगी, पण वाढली आत्याच्या मांडीवर.

संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला. "बंडू, पोरीची पाठ दवाखान्यात दाखीव."

बंडूच्या आधी त्याची बायको रत्ना बोलली, "अभद्र बोलू नका वन्सं. दप्तराचं वझं हाय त्ये."

तरी रत्नाच्या मनात धसका बसलाच. दिवाळी झाल्यावर ती पोरीला एका हाडवैद्याकडं न्यायला लागली. तो तेल लावून पाठ रगडायचा, मणक्यांवर गुडघा द्यायचा. पोरगी दात आवळून सोसायची. शिमगा आला तोवर ती चांगली दोन बोटं वाढली, आणि तिच्याबरोबर बाकही वाढला. शाळेचा ड्रेस एका खांद्यावरून घसरायला लागला. मग एके दिवशी घरी न विचारता बाळाबाईनं तिला एसटीत बसवलं आणि भोरच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीण मिताली वयानं लहान होती. तिनं सोनियाला पाय जुळवून उभं केलं, पुढं वाकायला लावलं आणि मागून तिची पाठ निरखली. एक्स-रे काढून आणल्यावर तो उजेडासमोर धरला. कणा सरळ नव्हता, नदीच्या वळणासारखा बाजूला गेला होता.

"याला स्कोलिओसिस म्हणतात. कणा बाजूला वाकतो आणि वाकताना पिळत जातो, म्हणून बरगड्या एका अंगाला वर येतात. वाढीच्या वयात होतं. बहुतेकदा कारण सापडत नाही."

"वझ्यानं हुतं का, बाई? हंडे वाहून?"

"नाही मावशी. वझ्यानं नाही होत." मग तिचं लक्ष बाळाबाईच्या खांद्याकडं गेलं. "तुमची पाठ कधी दाखवली होती?"

"मला कुठं कोण दाखवतंय."

"दम लागतो?"

"चढाला लागतो."

"तुमचीही तपासणी करायला हवी. बरगड्यांनी फुप्फुस दाबलं जातं."

"आधी पोरीचं बघा," बाळाबाई म्हणाली. परतताना एसटीत ती हंड्यांचाच विचार करत राहिली. बाप मरेपर्यंत म्हणायचा, म्या पोरीला पाण्याला लावली नसती तर बरं झालं असतं.

भोरच्या डॉक्टरणीनं पुण्याला पाठवलं, तसे तिथल्या डॉक्टरांकडं सगळेच गेले. त्यांनी बाकाचा कोन मोजला, तो पन्नास अंशांच्या वर भरला. "दिवाळीच्या सुमाराला आणलं असतं तर कडक पट्टा बांधून थांबवता आलं असतं. आता पट्ट्याचा उपयोग नाही. ऑपरेशन करून सळ्या बसवाव्या लागतील." रत्नानं पदर तोंडाला लावला. "घरात आणखी कुणाला आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळ्यांनी बाळाबाईकडं बघितलं.

"असतं कधीकधी एकाच घरात," डॉक्टर म्हणाले. "यात कुणाचा दोष नसतो."

रत्नानं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. घरी आल्यावर पोरीची वेणी ती स्वतः घालायला लागली. बाळाबाईचं अंथरूण पडवीत गेलं. ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा बंडू खाली बघत म्हणाला, "आक्का, थोडं दिस वेल्ह्याला कुंडलिककडं ऱ्हा. रत्नाच्या मनात नको ते येतंय, तुझी सावली पोरीवर पडली म्हंती."

कुंडलिक त्यांचा मावसभाऊ. त्याच्या घरात बाळाबाईला कुणी वाईट बोललं नाही, पण कुणी फार बोललंही नाही. ऑपरेशन चांगलं झालं हे तिला मोबाईलवर कळलं. थोडे दिवस म्हणता म्हणता पावसाळा सरला. बोलावणं आलं नाही.

थंडीत तिचा दम घरातल्या घरातही पुरेना. ओठ निळे पडले, तसं कुंडलिकनं तिला दवाखान्यात टाकलं आणि बंडूला फोन केला. तिघंही आली. सोनिया उंच झाली होती. ताठ चालत खाटेपाशी आली आणि आत्याचा हात धरून बसली. बाळाबाईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिनं दुसऱ्या हातानं पोरीची पाठ वरपासून खालपर्यंत चाचपली. सरळ होती.

"यांच्या पाठीवर कधी इलाज केला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई," बंडू म्हणाला. "ती पैल्यापासनं तशीच हाय."

"फुप्फुसं फार दबलीत. आता यांना घरी श्वासाच्या मशीनवरच ठेवावं लागेल. कुणाकडं राहतील?"

कुंडलिकनं बंडूकडं बघितलं, बंडूनं रत्नाकडं.

"आमच्याकडं," सोनिया म्हणाली.

"सोने, तुला समजत न्हाई," रत्ना हळूच बोलली.

"मला डॉक्टरनी समजावलंय, आई. तुलाबी समजावलं हुतं. हिनं नेलं नसतं तर माझंबी हेच झालं असतं."

रत्ना उठून व्हरांड्यात गेली, आणि बराच वेळ आत आली नाही.

बाळाबाईला टेम्पोतून आंबवड्याला आणलं. आतल्या खोलीत मशीन लागलं. रत्ना वेळेवर ताट ठेवायची, अंग पुसून द्यायची, पण तिच्याशी शब्दानं बोलायची नाही. उन्हाळा लागायच्या आत बाळाबाई गेली. आंघोळ घालताना बाया कुजबुजल्या, की आता तरी घरावरचं सावट गेलं. सोनियानं ते ऐकलं, आणि त्यांच्या हातातून पाण्याची कळशी काढून घेतली.