थांबवणाऱ्या फंक्शनची कैफियत

मित्रांनो, मी एक जुने फंक्शन आहे आणि आज मी फार संतापलेले आहे. गोडगोड काही ऐकायला बसला असाल, तर आधीच सांगून ठेवते.

फंक्शन म्हणजे कॉम्प्युटरने एखादे काम कसे करायचे, ते लिहून ठेवलेली रीत. माझ्यासारखी पुष्कळ फंक्शने एकत्र ठेवली की लायब्ररी होते. एका प्रोग्रॅममध्ये अनेक कामे एकाच वेळी चालतात आणि ती करणाऱ्यांना थ्रेड म्हणतात. चालू थ्रेडला मध्येच थांबवायचे असले की मला बोलावतात. काम वाईटपणाचे, पण कुणीतरी करायलाच हवे.

मला एका बाईंनी लिहिले. तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनला खेटून त्यांचे टेबल होते. चार महिने त्या माझ्यावर खपल्या. सगळे थ्रेड एकाच नोंदवहीत लिहितात आणि त्या वहीची किल्ली एकच असते. ज्याच्या हाती किल्ली त्याने लिहायचे, बाकीच्यांनी रांगेत उभे राहायचे. म्हणून बाईंनी मला शिस्त लावली. थ्रेडला फक्त थांबण्याचा निरोप द्यायचा. तो सुरक्षित जागी पोचला की निरोप बघेल, हातची ओळ पुरी करील, किल्ली जागेवर ठेवील आणि मगच जाईल. तोवर मी गुमान वाट पाहायची.

नऊ वर्षे मी तसेच वागले. एक किल्ली हरवली नाही. परक्या गावांतले प्रोग्रॅमर बाईंना माझ्याबद्दल चार चांगले शब्द लिहून पाठवत आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

मग नवे साहेब आले. उंटावरून शेळ्या हाकणारे! एकदा गिऱ्हाइकांसमोर त्यांनी थांबवण्याचे बटण दाबले आणि थ्रेडला थांबायला दोन सेकंद लागले. तेवढ्यात कुणीतरी हसले. ते साहेबांच्या मनाला लागले. वाट पाहणारी ओळ काढून टाका, थ्रेड असेल तिथेच तोडा, असा हुकूम सुटला. त्याच्या हातात किल्ली असते हो, असे बाईंनी परोपरीने सांगितले. पालथ्या घड्यावर पाणी. बाई आठवडाभर रजेवर गेल्या, तेव्हा साहेबांनी ती ओळ स्वतःच खोडली. पुढच्या वेळी बटण दाबताच सगळे थांबले आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची मला आजही शिसारी येते.

तसेच अर्धवट मी एका रुग्णालयात गेले, रक्त तपासणाऱ्या मशीनमध्ये. एका सकाळी तिथल्या तंत्रज्ञाने दिवस भरण्याआधी जन्मलेल्या एका बाळाचे रक्त मशीनमध्ये ठेवले. त्याची तपासणी आधी व्हावी म्हणून त्याने आधीचे काम थांबवले. त्याचे काही चुकले नाही. त्या कामाचा थ्रेड नोंदवहीत लिहीत होता. मी त्याला ओळीच्या मध्यावर तोडले. तो गेला आणि किल्लीही त्याच्याबरोबर गेली. बाळाच्या तपासणीचा थ्रेड रांगेत उभा राहिला, तो उभाच. मशीनचे झाकण उघडेना. शेवटी सगळे बंद करून पुन्हा चालू केले, तोवर ते रक्त तपासण्याजोगे उरले नव्हते.

तंत्रज्ञाने बाईंना फोन केला. तो ओरडला नाही. "बाई, दीड किलोचं लेकरू आहे. सिस्टरनी परत टाच टोचली त्याची. अंगात रक्त असून असून असणार किती?"

बाईंनी मला उघडले, खोडलेली ओळ पाहिली आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मशीन पुन्हा चालू झाले ना, मग बिघडले कुठे, असे साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर सूचना लागली: 'धोकादायक फंक्शन. वापरू नये.' चोर सोडून संन्याशाला फाशी! ओळ कुणी खोडली, याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

बाईंनी कुणाला न विचारता ती ओळ परत लिहिली. बटण पुन्हा हळू दिसेल, असे साहेब कुरकुरले. "दिसू दे," बाई म्हणाल्या.

ते बाळ कसे आहे, हे मला कुणी सांगितलेले नाही. फंक्शनला कोण सांगणार?

मित्रांनो, मोठेपणी तुमच्याही हाती असे एखादे बटण येईल. थांबवायची वेळ आली तर जरूर थांबवा. पण समोरच्याला हातातले खाली ठेवू द्या. त्यात तुमचे दोन सेकंद जातील. त्या बाळाचे रक्त गेले.